गाळलेला परिच्छेद

कुंभारमाळ, पो. नेसरी
६ ऑगस्ट २०२३

चि. अनुजा,

पोस्टानं आलेलं पत्र बघून हसशील. पण कानाला यंत्र लावूनसुद्धा फोनवर मला नुसता भुंगा ऐकू येतो, आणि मोबाईलवर तू धाडतेस ते बारीक अक्षर मुबशिराकडून वाचून घ्यावं लागतं. मुबशिरा म्हणजे आपल्या बादशहा टेलरची धाकटी, तुला आठवत असेल. पोरगी चांगली आहे, पण काही गोष्टी तिच्या तोंडून ऐकायच्या नसतात.

गावात एक कारखाना येऊ घातलाय. धैर्यशील इंगवले म्हणून गडहिंग्लजकडचा इंजिनिअर आहे. त्याला वरच्या माळाचं गायरान पाहिजे. प्लास्टिकचा कचरा आणून त्याचं तेल करणार म्हणतो. लोकांना वाटतंय जाळणार. धोंडुबाईची शेरडं त्या माळावर चरतात, तिनं त्याला तोंडावर विचारलं, "पिशवी चुलीत घातली तर डोकं उठतंय, तुझ्या भट्टीतनं काय अत्तर निघणार हाय व्हय?" तो म्हणाला, "आजी, आमच्या भट्टीत हवाच नसते, मग जळणार कसं?" शास्त्र म्हणून मला ते पटतं, तीस वर्षं विज्ञान शिकवलं. पण फळ्यावरचं शास्त्र निराळं आणि माळावरची भट्टी निराळी.

पंधरा ऑगस्टला ग्रामसभा आहे. सरपंच विजयसिंह मला म्हणाला, "मास्तर, तुमची पोरगी मुंबईत पर्यावरण खात्यात हाय. ती म्हणंल तसं गाव करंल." तुझा बाप गेल्यावर तू माझ्या घरी वाढलीस, त्यामुळं गावाच्या लेखी तू पुतणी नव्हेस, माझीच पोरगी आहेस.

बादशहाचा सोहेल आयटीआय करून तीन वर्षं घरी बसलाय. त्याला तिथं फिटरची जागा कबूल केली आहे. बादशहा मला काही विचारत नाही, पण रोज संध्याकाळी येऊन बसतो आणि माझ्या तोंडाकडं बघतो.

खरं काय ते लिही.

तुझा,
आण्णा

•

मुंबई
१० ऑगस्ट २०२३

तीर्थरूप आण्णा,

तुमचं अक्षर पाहून शाळेच्या वहीची आठवण झाली. तुम्ही विचारलंत ते विद्यार्थिनीसारखंच नीट लिहिते.

इंगवले म्हणतात ते खरं आहे. बंद पिंपात हवा न ठेवता प्लास्टिक तापवलं की ते जळत नाही, वितळून त्याची वाफ होते आणि ती थंड केली की तेल मिळतं. याला आम्ही प्रगत पुनर्वापर म्हणतो. सरकारनं गेल्या वर्षी याचं धोरण केलं. त्यात असे कारखाने कचरा जाळणाऱ्यांत धरलेले नाहीत, पुनर्वापर करणाऱ्यांत धरले आहेत. म्हणून त्यांना जनसुनावणी लागत नाही आणि वस्तीपासूनचं अंतरही कमी चालतं. निर्णय विचार करूनच झालेला आहे. आण्णा, मी शहरांचे कचऱ्याचे डोंगर जवळून पाहिले आहेत. हे तंत्र आलं नाही तर ते डोंगर पेटत राहतील. गावानं घाबरू नये.

एकच गोष्ट सांगते. तेल निघाल्यावर पिंपात काजळी आणि थोडी वाफ उरते. पिंप गरम असताना दार उघडलं तर हवा आत शिरते आणि भडका उडतो. आतलं तापमान पन्नास अंशांखाली आल्याशिवाय दार उघडणारच नाही, असं कुलूप बसवण्याची अट पहिल्या मसुद्यात बंधनकारक होती. कारखानदारांनी हरकत घेतली, कारण थंड व्हायला दीड दिवस जातो. आता ती अट 'इष्ट' म्हणून ठेवली आहे. चांगला मालक ती पाळतोच.

हे पत्र सभेत वाचायला हरकत नाही. फक्त दाराचा परिच्छेद वाचू नका, तो खात्याच्या आतला मजकूर आहे.

बादशहाचाचांना सलाम सांगा. सोहेलला नोकरी लागली तर मला फार बरं वाटेल.

अनुजा

•

कुंभारमाळ
२० ऑगस्ट २०२३

चि. अनुजा,

सभा झाली. तुझं पत्र मी उभा राहून वाचलं. लोक इतके गप्प होते की मलासुद्धा माझा आवाज ऐकू आल्यासारखा वाटला. धोंडुबाई सोडून सगळ्यांचे हात वर गेले. ती म्हणाली, "मास्तर, तुमी वाचलासा म्हणून गप बसतो. न्हायतर बसलो नसतो."

दाराचा मजकूर गाळला. पान उलटताना क्षणभर अडखळलो, पण कुणाच्या ध्यानात आलं नाही. नंतर इंगवल्याला बाजूला घेऊन कुलपाचं विचारलं. "बसवतो की मास्तर, पहिलं मशिनरी तर येऊ दे," म्हणाला. माणूस वाईट वाटला नाही.

सोहेलची जागा पक्की झाली. बादशहानं मला नवा सदरा शिवून आणला. माप न घेता शिवला, आणि बरोबर बसला.

आण्णा

•

कुंभारमाळ
३ मार्च २०२५

चि. अनुजा,

दीड वर्षात तुझी दोन पत्रं आली, दोन्ही दिवाळीची. कामात असशील. हे मात्र सवडीनं वाचायचं पत्र नव्हे.

भट्टी सुरू होऊन वर्ष झालं. वारा पश्चिमेचा असला की शाळेतली पोरं नाकाला फडकं लावून बसतात. खालच्या विहिरीच्या पाण्यावर रंगीत तवंग येतो. धोंडुबाईची दोन शेरडं गाभडली. मेलेली करडं पाटीत घालून तिनं ती माझ्या दारावरनं नेली.

पण लिहायचं कारण दुसरं आहे. परवा सोहेल आलता. भुवया करपलेल्या. म्हणाला, "आण्णा, पिंप थंड व्हायला दीड दिस लागतोय. साहेब म्हणतोय आठ तासात उघडा. उघडताना तोंड फिरवून उभारायचं, एवढंच." मी विचारलं, दाराला कुलूप नाही का? तर म्हणाला, "कसलं कुलूप?"

त्याला मी सांगितलं, गरम असताना हात लावू नकोस. तो हसला. "मी न्हाय लावला तर दुसरा लावंल की. त्याला तर तेबी कळत न्हाय, कवा उघडायचं ते."

इंगवल्याकडं गेलो. त्यानं मला खुर्ची दिली, चहा दिला आणि सरकारी कागद दाखवला. त्यावर 'इष्ट' असं छापलंय. "मास्तर, बंधनकारक असतं तर बसवलं असतं," म्हणाला.

तू कुणाला तरी तपासणीला पाठव. लवकर.

आण्णा

•

मुंबई
१५ मार्च २०२५

तीर्थरूप आण्णा,

पत्र वाचून काळजी वाटली. पण तपासणीला माणूस धाडणं माझ्या हातात नाही. या वर्गातल्या कारखान्यांची तपासणी पाच वर्षांतून एकदा, आणि तीही संगणक नाव काढेल त्याप्रमाणे. मधे जायचं तर लेखी तक्रार लागते, आणि ती कामगाराची असेल तरच तिला वजन येतं.

सोहेलनं तक्रार करावी असं मी सांगणार नाही. त्याचं नाव मालकाला कळणारच, आणि नोकरी जाईल. त्यापेक्षा थोडे दिवस थांबा. जूनमध्ये धोरणाचा आढावा आहे. तिथं मी हा विषय काढते. मला खात्री आहे, दोन-तीन महिन्यांत मार्ग निघेल.

तोवर त्याला सांभाळून राहायला सांगा. तुमची तब्येत जपा.

अनुजा

•

कुंभारमाळ
२ मे २०२५

अनुजा,

तुझं पत्र सोहेलला वाचून दाखवलं होतं. थांबतो म्हणाला. थांबला.

सतरा एप्रिलला सकाळी दहाच्या सुमारास मी ओसरीवर बसलोतो. मला आवाज आला नाही. माणसं माळाकडं पळताना दिसली, म्हणून मीही निघालो. दार उघडलं तसा भडका बाहेर आला. सोहेल पुढं होता. त्याच्या मागं बिहारचा एक कामगार होता, त्याचे हात भाजले, तो वाचला. सोहेल सहा दिवस कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात होता. डॉक्टरांनी जीव तोडून केलं. तेवीसला पहाटे गेला. सव्वीस वर्षांचा होता.

मी दवाखान्यात जायचो. पहिले दोन दिवस तो बोलत होता. मला म्हणाला, "आण्णा, तोंड फिरवलतं मी." मला ते नीट ऐकू आलं नाही म्हणून त्याला पुन्हा बोलायला लावलं. त्या अवस्थेत त्याला दोनदा बोलायला लावलं.

प्राथमिक चौकशी झाली. अहवालात लिहिलंय, कामगाराचा निष्काळजीपणा. इंगवले म्हणतो, नियमात नव्हतं ते मी केलं नाही. तुझ्या खात्यानं लेखी कळवलंय की या धोक्याची खात्याला पूर्वकल्पना नव्हती. गडहिंग्लजचे वकील अमरसिंह देसाई चांगले आहेत. ते बादशहाला म्हणाले, "खात्याला आधीपासनं ठाऊक हुतं एवढं एका कागदावर दाखवा. मग मालकबी सुटत न्हाय आणि खातंबी सुटत न्हाय. त्याशिवाय ह्यात जीव न्हाय."

काल बादशहा आला. दवाखान्यातनं आल्यापासून त्यानं मशीनला हात लावलेला नाही. म्हणाला, "मास्तर, सभेत तुमी अनुजाचं पत्र वाचलतासा. मला आता सगळं आठवत न्हाय. त्यात दाराचं काय व्हतं का?"

मी म्हणालो, बघतो.

तो म्हणाला, "असंल तर द्या. नसंल तर ऱ्हाऊ दे."

पत्र माझ्या पेटीत आहे. उद्या देणार आहे. द्यायच्या आधी तुला कळवावं म्हणून लिहिलं. पण हे पत्र तुला मिळेपर्यंत मला दम निघेल असं वाटत नाही.

आण्णा

•

मुंबई
६ मे २०२५

आण्णा,

तुमचं पत्र आज दुपारी मिळालं. हे मी स्पीड पोस्टानं पाठवते आहे. अजून दिलं नसेल तर कृपा करून देऊ नका.

तुमच्यापासून एक गोष्ट मी लपवली. पहिल्या पत्रात मी लिहिलं, निर्णय विचार करून झाला. तो विचार माझाच होता. या भट्ट्यांना जाळणाऱ्या प्रकल्पांतून काढून पुनर्वापरात घालावं, ही टिपणी मी लिहिली. 'बंधनकारक' खोडून 'इष्ट' हा शब्द माझ्या हातानं घातला. साहेब म्हणाले होते, "ही अट ठेवलीत तर राज्यात एकही भट्टी उभी राहणार नाही, सगळे शेजारच्या राज्यात जातील." मला वाटलं, आधी उभ्या तर राहू देत, अटी नंतर घट्ट करता येतील. हे मी मनापासून मानत होते. आजही हे लिहिताना ते खोटं वाटत नाही, आणि त्याचंच मला भय वाटतं.

ते पत्र कोर्टात गेलं तर खात्याचं काही बिघडणार नाही. खातं म्हणेल, एका अधिकाऱ्यानं गुप्त मजकूर घरी कळवला आणि एका खाजगी कारखान्याची शिफारस केली. अडकणार मी. नोकरी जाईल, कदाचित गुन्हाही दाखल होईल. माझ्या दोन मुलींना याचं काय सांगू?

सोहेल परत येणार नाही. मी आत राहिले तर निदान ती अट बंधनकारक करून घेईन. बाहेर पडले तर तेही होणार नाही.

आण्णा, मी तुमच्याकडं कधी काही मागितलं नाही. माझं पत्र मला परत पाठवा.

अनुजा

•

कुंभारमाळ
१२ मे २०२५

अनुजा,

रजिस्टर पोस्टानं तुझं पत्र पाठवतोय. सोबत आहे.

दुसऱ्या दिवशी मी ते घेऊन बादशहाकडं गेलतो. त्याच्या दारात तालुक्याची माणसं बसलेली, म्हणून न देता परतलो. आणि मग तुझं आलं. चार दिवस मी दोन्ही पत्रं समोर ठेवून बसलो. तुझा बाप गेला तेव्हा तू सात वर्षांची होतीस. एवढाच विचार माझ्या डोक्यात राहिला, दुसरा येईना.

बादशहाला सांगितलं, पेटीला वाळवी लागली, कागद गेले. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे मास्तर. तुमी कशाला वाईट वाटून घेतासा?" आणि मला चहा टाकायला हुसेनबीला सांगितलं. पोरगा गेलेल्या आईनं माझ्यासाठी चहा केला, आणि मी तो प्यालो.

तू अट घालून घे. आता तेवढं कर.

आण्णा

•

मुंबई
३० नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आण्णा,

सहा महिन्यांत तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत. तुमचं बरोबर आहे. पण जे झालं ते मी तुम्हाला सांगायला हवं.

धोरणाचा आढावा जूनचा ऑक्टोबरात गेला. मी दाराच्या कुलपाचा विषय मांडला. कुंभारमाळचा अपघात सांगितला. कारखानदारांच्या प्रतिनिधीनं विचारलं, "एका निष्काळजी कामगारासाठी सगळ्या उद्योगाला शिक्षा का? हा धोका आधी कुणाच्या लक्षात आला होता, असा काही कागद आहे का?" साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. पहिला मसुदा त्यांनीही वाचलेला होता. तो आता फाईलमध्ये नाही. माझं पत्र माझ्या कपाटात होतं. मी म्हणाले, "शोधावं लागेल."

इतिवृत्तात लिहिलं गेलं, सूचनेची नोंद घेण्यात आली. अट 'इष्ट' होती, तशीच राहिली.

गेल्या आठवड्यात नव्या परवानग्यांची यादी सहीसाठी माझ्याकडं आली. चौथं नाव इंगवल्यांचं आहे. चंदगड तालुक्यात, आपल्यापेक्षा दुप्पट मोठी भट्टी. कागद नियमात बसतात. नियम माझेच आहेत, नाकारायला कारण सापडलं नाही. मी सही केली.

त्या दिवसापासून मला घरात जेवण जात नाही. धाकटीनं विचारलं, आई, तुला काय होतंय, तर मी तिच्यावर ओरडले. आण्णा, मी आत राहून काही करेन म्हणाले होते. आत राहून मी ही सही केली.

ते पत्र मी फाडलेलं नाही. मी कुंभारमाळला येते आणि माझ्या हातानं बादशहाचाचांना देते. नोकरीचं व्हायचं ते होऊ दे. येऊ का? एवढंच कळवा.

अनुजा

•

कुंभारमाळ
१४ डिसेंबर २०२५

अनुजा,

येऊ नकोस. ज्याला द्यायचं तो इथं राहिलेला नाही.

बादशहानं सप्टेंबरात कंपनीच्या तडजोडीच्या कागदावर सही केली. वकील म्हणाले होते, पुरावा नाही तर वर्षानुवर्षं जातील. मुबशिराचं लग्न ठरत नव्हतं, कोर्टकचेरीचं घर म्हणून लोक मागं सरत होते. तक्रार मागं घेतली. वकिलांना मी तुझ्या पत्राचं विचारून आलो, तुझं नाव न घेता. म्हणाले, "आता ब्रह्मदेवाचा कागद आणला तरी हे प्रकरण उघडत न्हाय. सहा म्हैन्यापूर्वी कुठं हुता ह्यो?"

सही करून आला त्या दिवशी बादशहा माझ्याकडं बसला आणि म्हणाला, "मास्तर, आता मन मोकळं झालं." ते मला सोसलं नाही. मी त्याला सगळं सांगितलं. पत्रात दाराचा मजकूर होता, सभेत मी तो गाळला, वाळवी लागली नव्हती, पत्र तुला परत पाठवलं. काही ठेवलं नाही.

त्यानं आवाज चढवला नाही. माझ्या कानाशी येऊन, मला नीट ऐकू यावं म्हणून सावकाश बोलला. "कोर्टाचं सोडा. सभेत वाचायचं न्हवतं, तर घरी येऊन सांगायचं. मी पोराला धाडला नसता." मग माझ्या ओसरीवरून उतरून गेला.

पंधरा दिवसांत त्यांनी घर मोकळं केलं. हुसेनबीचं माहेर मलकापूर, तिकडं गेले. जाताना मुबशिरा सांगायला आली. मी काही विचारलं, ती बोलली, पण मला तिचे ओठ नीट वाचता आले नाहीत, आणि पुन्हा सांग म्हणायचं धाडस झालं नाही.

नव्या भट्टीचं मला आधीच कळलं होतं, ऑक्टोबरात मी चंदगडकडं त्या गावी जाऊन आलो. ग्रामसभेच्या आधी चारजणांना सांगितलं, ह्या भट्टीनं आमच्यातला एक पोरगा खाल्ला. त्यांनी विचारलं, "तुमच्या गावानं परवानगी कशी दिली मग?" मी म्हणालो, मी दिली. त्यानंतर माझं कुणी ऐकून घेतलं नाही. ग्रामसभेनं परवानगी दिली.

तुझं पत्र आलं तेव्हा वाटलं, निदान बादशहाला एवढं तरी सांगावं, की कागद अजून आहे आणि अनुजा तो द्यायला तयार आहे. परवा सकाळच्या एसटीनं निघालो. कोल्हापूरला गाडी बदलली, दुपारी मलकापुरात पोचलो. रत्नागिरी रस्त्याला एका कापडदुकानाच्या बाहेर फळीवर मशीन टाकून तो बसलाय. लोकांच्या पँटी आखूड करून देतो. केस पार पिकलेत.

मी समोर जाऊन उभा राहिलो. त्यानं मान वर केली, मला बघितलं. ओळखलं नाही असं नव्हे. पाय मशीनवरच होता, तो थांबवला नाही. दुसऱ्या हातानं स्टूल पुढं सरकवलं आणि म्हणाला, "बसा पावणं. काय शिवायचं हाय?"

पन्नास वर्षं त्यानं मला मास्तर म्हटलं होतं.

मी काही शिवायचं नाही म्हणालो. थोडा वेळ बसलो, आणि कागदाचं न काढताच पाचच्या गाडीनं परत आलो.

आण्णा